मांडवातलं भांडण

आमच्या घरात गुडघा हा म्हातारपणाचा अवयव. आजीचा गुडघा पावसाच्या आधी कुरकुरायला लागायचा, मग तव्यावर निर्गुडीचा पाला गरम व्हायचा आणि वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ ‘वातूळ’ म्हणून ताटातून हद्दपार. ऐन पंचविशीत माझा उजवा गुडघा टम्म सुजला तेव्हाही घरच्यांनी आधी पालाच शोधला. डोळेही लाल झाले होते, पण ते ‘आलेत’ म्हणून त्यांचा हिशेब वेगळा.

युरिक ॲसिड ठीक निघालं. सुईने काढलेल्या गुडघ्यातल्या पाण्यात जंतू सापडले नाहीत. मग संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “महिन्याभरात पोट बिघडलं होतं का?”

बिघडलं होतं की! मे महिन्यातलं लग्न, दुपारचं उरलेलं रात्री पुन्हा वाढलेलं. अर्ध्या वऱ्हाडाला ताप आणि जुलाब. मीठ-साखरेचं पाणी पिऊन सगळे उठले, विषय संपला.

साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, यर्सिनिया. यांतला एखादा जंतू पोटातून गेल्यावर एक ते चार आठवड्यांनी काहींचे सांधे धरतात, बहुतेकदा गुडघे, घोटे, टाचा. वऱ्हाड निघून गेलं तरी मांडवात भांडण चालूच, असा प्रकार. तेव्हा अँटिबायोटिकचा सहसा उपयोग नसतो. सुजेच्या गोळ्या, सांध्यात एखादं इंजेक्शन, आणि धीर. बहुतेक जण वर्षभरात बरे होतात. मीही झाले.

जुन्या पुस्तकांत या दुखण्याला हान्स रायटरचं नाव आहे. 1916 मध्ये या जर्मन लष्करी डॉक्टरने हगवणीनंतर सांधे सुजलेल्या एका अधिकाऱ्याची नोंद केली. पुढे तो नाझी राजवटीत आरोग्य खात्याचा बडा अधिकारी झाला, बुखेनवाल्ड छळछावणीतल्या टायफसच्या प्रयोगांत त्याचा हात होता. आता ‘रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस’ म्हणतात. बरंच झालं. असल्या माणसाचं नाव माझ्या गुडघ्याला नको.

अजून कधीमधी सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकते. सिंहगड पायी चढते, उतरताना मात्र जीप. माझ्या रक्तात एचएलए-बी27 हा आनुवंशिक घटक आहे. त्याचा या दुखण्याशी असलेला संबंध 1973 पासून माहीत आहे. तो मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी. “मी तपासून घेऊ?” तिने विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्रास नसेल तर कशाला? तो असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही.

सांधा अचानक सुजला तर डॉक्टरांना मागच्या महिन्यातले जुलाबही सांगा. लाजेपोटी, किंवा गुडघ्याचा पोटाशी काय संबंध म्हणून, आपण नेमकं तेच गाळतो.