चुकीच्या घराची भीती

ह्यूस्टनला राहायला आले तेव्हा बंदूक बाळगणारा माणूस कसा असतो हे मला आधीच ठाऊक होतं. गोरा, साठीकडे झुकलेला, उंच पिकअप ट्रकवाला, डोक्यावर टोपी, आणि कुणी आडवं बोललं की हात कमरेकडे. ही माहिती सिनेमांतून आली होती, बातम्यांतून आली होती आणि इथल्या मराठी मंडळींच्या जेवणानंतरच्या गप्पांतूनही. ‘ते बंदूकवाले’ असं कुणी म्हटलं की सगळे शहाण्यासारखे हसत. मीही हसायचे.

खरं तर मी बंदुकीच्या घरातच वाढले. सातारा जिल्ह्यातले माझे चुलते, नाना, फौजेतून निवृत्त होऊन बँकेत पहारेकरी लागले होते. त्यांची बाराबोरची दुनळी घरात असायची. निवडणूक आली की गावातले परवानेवाले आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचे. नानांना कुणी माथेफिरू म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण नाना आपले होते.

समोरच्या घरात माझ्या कल्पनेतला माणूस ट्रकसकट राहायचा. त्यांची नात माझ्या लेकीच्या वर्गात. खेळायला बोलावणं आलं की मी काहीतरी सबब सांगायचे, कधी नाचाचा क्लास, कधी पाहुणे. आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाकडे मात्र लेक रात्री राहायलाही जाई. गृहस्थ सॉफ्टवेअरमधले, मृदू बोलणारे, दर वर्षी सत्यनारायण घालणारे. तिथं विचारायचं काय?

एका रविवारी लेक सहज म्हणाली, काकांच्या पलंगाजवळच्या खणात खरं पिस्तूल आहे, दादानं दाखवलं. खणाला कुलूप नव्हतं.

मी तडक गेले आणि नको तितकं बोलले. ते खाली मान घालून ऐकत राहिले. शेजारी घरफोडी झाली, बायको घाबरली, म्हणून त्यांनी ते घेतलं होतं. कुलपाची पेटी कुठली घ्यावी, मुलांना काय सांगावं, हे कुणाला तरी विचारायचं होतं. “पण आपल्यात कुणाला विचारणार, वहिनी? तुम्ही सगळे हसता.” ते मला आजही टोचतं. त्यांचा निष्काळजीपणा त्यांचाच, पण तो झाकून ठेवायला आमच्या हसण्याची मदत झाली होती.

मग समोरच्या घरी गेले आणि अवघडत विचारलं. त्यांनी भिंतीत बसवलेली तिजोरी दाखवली. बंदुका एकीकडे, गोळ्या दुसऱ्या कुलपात. “एवढ्या वर्षांत तू पहिल्यांदा विचारलंस,” ते म्हणाले. मूल दुसऱ्याच्या घरी पाठवताना ‘बंदूक आहे का, कुलपात आहे का’ हे विचारा, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात. मी ऐकलं होतं. पण प्रश्न विचारण्याऐवजी मी ट्रक बघत बसले.

माझी दुसरी फजिती मी काम करते त्या इस्पितळात झाली. रात्रपाळीची एक नर्स, कृष्णवर्णीय, माझ्या रोजच्या चहाची सोबतीण. तिचं पिस्तूल पार्किंगमध्ये, गाडीत कुलपात असतं. कर्मचाऱ्याला तेवढी मुभा टेक्सासच्या कायद्यानं 2011 पासून आहे. मी म्हणाले, “तुझ्याकडे असेल असं वाटलं नव्हतं गं.” ती म्हणाली, “का? बंदूकवाले गोरे असतात म्हणून, की मी सभ्य दिसते म्हणून?” मग तिनं फिलँडो कॅस्टीलची आठवण काढली. 2016 मध्ये मिनेसोटात पोलिसानं गाडी थांबवली तेव्हा आपल्याजवळ पिस्तूल असल्याचं त्यानं स्वतःहून सांगितलं. त्याच्याकडे परवाना होता. तरी काही क्षणांत पोलिसानं त्याला गोळ्या घातल्या, आणि पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. “गोऱ्याच्या कमरेला पिस्तूल दिसलं की तू त्याला वेडा समजतेस,” ती म्हणाली. “माझ्या कमरेला दिसलं तर लोक मला काय समजतील?”

यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ऐकवू लागले, की बंदूक बाळगणारे किती जबाबदार असतात! परवान्यासाठी कायद्याचा वर्ग, भांडण न वाढवण्याचे धडे, मग तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या, अडीचशेपैकी किमान 175 गुण. पुरावा म्हणून नर्सचं उदाहरण, आणि अर्थात तिला न विचारता. तिला कळलं तेव्हा ती चिडली. “आधी ट्रकवाल्याला भूत केलंस, आता मला देवी करतेस.” 2021 साली या देशात बंदुकीनं 48,830 माणसं गेली, त्यातल्या 26,328 जणांनी स्वतःचा जीव घेतला होता, हे तिनंच मला सांगितलं. तिचा भाऊ खचलेल्या अवस्थेत तिच्याकडे राहायला आला तेव्हा तिनं पिस्तूल घराबाहेर, बहिणीकडे नेऊन ठेवलं होतं. हे मात्र माझ्या भाषणात कधी आलं नव्हतं.

प्यू संशोधन केंद्राच्या 2023 च्या पाहणीत बंदूक असलेल्यांपैकी 72 टक्के लोकांनी स्वसंरक्षण हे मोठं कारण सांगितलं. एवढ्या लोकांचा एक चेहरा कसा असेल? माझ्या घरात मात्र पिस्तूल येणार नाही. समोरच्यांचं ‘किराणा आणायलाही कमरेला लागतंच’ मला पटत नाही. ते म्हणतात, सीटबेल्ट तू अपघात ठरवून लावतेस का? मी म्हणते, सीटबेल्ट खणात राहिला तर पोरं त्यानं मरत नाहीत. ते गप्प होतात, मग विचारतात, रात्री दार फोडलं तर पोलीस किती मिनिटांत येतील? तेव्हा मी गप्प होते.

सप्टेंबर 2021 पासून टेक्सासात एकवीस वर्षांवरच्या, कायद्यानं बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल घेऊन फिरता येतं. मला वाटलं, समोरचे खूश असतील. ते संतापले होते, वर्ग न करता कमरेला पिस्तूल लावणं म्हणजे मूर्खपणा म्हणे. त्या एका गोष्टीवर आमचं एकमत झालं, आणि दोघांनाही ते जरा जडच गेलं.