काळ की गाळ?

पोथ्यांच्या नकला करणाऱ्या लेखनिकांविषयी आम्ही दोघे गेली बावीस वर्षे वर्गात बोलत आलो आहोत. नक्कल करताना डोळा घसरतो, ओळ गळते, अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द येऊन बसतो. शके १५०६ मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली, ती अशाच घसरणींमुळे. हे सारे आम्ही मुलांना सांगतो, मुले उतरवून घेतात. असा एक लेखनिक आमच्याच घरी, टेबलाखाली पंख्याची घरघर करीत बसला असेल, हे मात्र आम्हांला कधी सुचले नव्हते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरच्या संगणकाची कार्यप्रणाली बदलली. नवी आवृत्ती घ्या, असा तगादा पडद्यावर कित्येक महिने चालला होता. पहिली संध्याकाळ निर्विघ्न गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा एकदम निळा झाला, त्यावर दिलगिरीच्या दोन ओळी आणि एक सांकेतिक नाव उमटले, आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. त्यानंतरच्या सहा दिवसांत हे अकरा वेळा घडले.

त्या संगणकात बाबांचा शब्दसंग्रह होता. बाबा गिरणाकाठच्या एका गावात शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून शेतीचे, पाण्याचे, गुरांचे, स्वयंपाकाचे शब्द गोळा केले आणि वयाच्या सत्तराव्या वर्षी कळफलक शिकून ते स्वतः टंकित केले. दोन हजारांहून अधिक नोंदी, सगळ्या एकाच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. ‘आता यंत्रात आहे’ असे म्हणून त्यांनी वह्या रद्दीत दिल्या. २०२२ साली ते गेले. त्या फाइलची दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती. साहित्याच्या दोन शिक्षकांना हे शोभणारे नाही, पण खरे आहे.

भाच्याला फोन केला. ‘मामा, आधी सेफ मोडमध्ये चालतो का ते बघा,’ तो म्हणाला. सेफ मोडमध्ये प्रणाली आवश्यक तेवढेच चालवते. तिथे संगणक टिकला, तर दोष बहुधा एखाद्या जुन्या ड्रायव्हरचा. आमचा संगणक तिथेही कोसळला, फक्त थोड्या उशिराने. मग त्याने प्रत्येक वेळचे सांकेतिक नाव लिहून ठेवायला सांगितले. अकरा वेळांत सात निरनिराळी नावे निघाली. ‘एकच नाव परत परत आलं असतं तर ड्रायव्हर धरला असता,’ तो म्हणाला, ‘दर वेळी वेगळं येतंय म्हणजे मेमरी तपासा.’

दुरुस्तीसाठी आलेल्या मुलाने पेटी उघडली, धूळ झटकली, मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि खिशातून खोडरबर काढून त्यांच्या सोनेरी कडा घासू लागला. ‘सर, निम्म्या वेळा एवढ्यानंच होतं.’ दोन दिवस खरोखरच झाले. तिसऱ्या दिवशी पडदा पुन्हा निळा. या दोन दिवसांनी आमचे अधिक नुकसान केले, कारण दोष गेला असे समजून आम्ही निर्धास्तपणे कामाला लागलो होतो.

अखेर रात्रभर स्मृतीची चाचणी लावली. ही चाचणी स्मृतीच्या प्रत्येक पेशीत ठरावीक आकडे लिहिते, परत वाचते आणि दोन्ही जुळतात का ते पाहते. पहाटे पडद्यावर लाल ओळी होत्या. कोट्यवधी पेशींपैकी एक बिघडली होती, आणि तिचा बिघाड एकाच प्रकारचा होता. शून्य लिहिले तरी वाचताना कधीकधी एक येत असे. एक लिहिला तर तो मात्र न चुकता एकच येई. पट्ट्या आळीपाळीने लावून पाहिल्यावर कोणती सदोष ते कळले. ती काढली आणि संगणक शांत झाला. नव्या प्रणालीला आठवडाभर दूषणे दिली, ती परत घ्यावी लागली. बिघाड बहुधा जुनाच होता. जुनी प्रणाली थोडक्या जागेत भागवत असे. नवीने अधिक स्मृती मागितली आणि त्या पेशीशी तिची वारंवार गाठ पडू लागली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्या आठवड्यात आम्ही घाबरून बाबांच्या फाइलच्या प्रती काढत सुटलो होतो. पहिल्याच संध्याकाळी एक पेन ड्राइव्हवर. मग खोडरबराच्या निर्धास्त दिवसांत बाबांच्या एका जुन्या पत्रात सापडलेला शब्द मूळ फाइलमध्ये भरून ती पुन्हा जतन केली, आणि तिच्यावरून आणखी दोन प्रती काढल्या. म्हणजे आता चार प्रती होत्या, आणि चारही त्या सदोष पेशीच्या वाटेने जाऊन आलेल्या. निर्दोष मूळ असे कुठेच उरले नव्हते.

प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या. आठ ठिकाणी फरक निघाला. ‘वारा’ एका प्रतीत ‘वाला’ झाला होता. ‘वात’चा ‘वाद’ झाला होता, ‘बोर’चा ‘मोर’. एका शब्दातले एकच अक्षर बंगाली लिपीत गेले होते, आणि एका अक्षराच्या जागी चक्क बाण उमटला होता. आम्ही दोघे बराच वेळ त्या यादीकडे पाहत बसलो. ‘र’चा ‘ल’ मागधीने केला होता. ‘त’चा ‘द’ शौरसेनीने. हा लेखनिक प्राकृत व्याकरण वाचून आला होता की काय!

उलगडा भाच्याने केला. युनिकोडमधले प्रत्येक देवनागरी अक्षर अशा फाइलमध्ये तीन बाइटांत साठवले जाते, आणि प्रत्येक बाइट म्हणजे आठ शून्य-एकांची ओळ. ‘क’चा शेवटचा बाइट १००१०१०१, ‘ग’चा १००१०१११. फरक फक्त उजवीकडून दुसऱ्या घरात. तिथल्या शून्याचा एक झाला की ‘क’चा ‘ग’ होतो, ‘त’चा ‘द’, ‘ब’चा ‘म’, ‘र’चा ‘ल’. तीच चूक मधल्या बाइटात झाली तर अक्षर बंगाली होते आणि पहिल्यात झाली तर त्याचा बाण होतो. आमची बिघडलेली पेशी नेमकी त्या दुसऱ्या घराची होती.

यात चमत्कार नाही, पण योगायोगही नाही. युनिकोडमधली देवनागरी १९८८ सालच्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावरून घेतलेली आहे, आणि इस्कीने वर्णमालेचाच क्रम ठेवला होता. प्राचीन ध्वनिशास्त्रज्ञांनी वर्ण उच्चारस्थानानुसार मांडले, म्हणून ‘क’पासून दोन पावलांवर त्याचा घोष भाऊ ‘ग’ राहतो आणि ‘त’पासून दोन पावलांवर ‘द’. यंत्र दोन पावले चुकले आणि जिभेच्या जुन्याच वाटेवर जाऊन पडले. एरवी यंत्राची चूक चूक म्हणून ओळखू येते. इथे ती मराठी होऊन आली होती. ‘वाला’, ‘वाद’, ‘मोर’ हे शब्द शुद्धलेखनाच्या कोणत्याही तपासनिसाने निमूटपणे पुढे जाऊ दिले असते.

आठांपैकी सात जागा संदर्भानेच सुटल्या. आठवी अडली. गावातल्या एका शब्दाचा अर्थ पेन ड्राइव्हवरच्या पहिल्या प्रतीत ‘पूर ओसरल्यानंतरचा काळ’ असा होता, आणि उरलेल्या तिन्ही प्रतींत ‘पूर ओसरल्यानंतरचा गाळ’ असा. तो शब्द आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हता. ज्यांनी तो बाबांना सांगितला, ती माणसे आता नाहीत.

मन ‘गाळा’कडे ओढत होते. नदीकाठचा माणूस गाळाला वेगळे नाव देणारच. शिवाय तीन प्रती एका बाजूला. पण वर्गात आम्ही नेमके याच्या उलट शिकवतो. भांडारकर संस्थेच्या महाभारताची संशोधित आवृत्ती शिकवताना, १९३३ साली सुखठणकरांच्या संपादनाने पूर्ण झालेले आदिपर्व दाखवून, आम्ही मुलांना बजावतो की हस्तलिखितांची डोकी मोजू नयेत, त्यांचे वंश पाहावेत. आमच्या तीन प्रतींपैकी दोन तिसरीच्याच लेकी होत्या. तीन साक्षीदार नव्हते, एकच साक्ष तीनदा सांगितली गेली होती. पहिली प्रतही निर्दोष नव्हती, तो बाण तिच्यातलाच. पण ती पेशी ‘क’चा ‘ग’ करू शकत होती, ‘ग’चा ‘क’ कधीच नाही. ‘काळ’पासून ‘गाळ’ होतो, ‘गाळ’पासून ‘काळ’ होत नाही. म्हणजे बाबांनी ‘काळ’ लिहिले होते.

मग त्या दृष्टीने विचार केला तेव्हा जाणवले की पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांना एखाद्या गावाने स्वतंत्र नाव ठेवावे, ही गोष्ट गाळाच्या नावापेक्षा किती मोठी आहे. पाणी गेले आहे, पेरणी अजून व्हायची आहे, विहिरी गढूळ आहेत, आणि सगळे गाव वाट पाहत बसले आहे. त्या दिवसांना त्यांच्याकडे एक शब्द होता. सोपा आणि चपखल वाटणारा पाठ स्वीकारून आम्ही तो कायमचा पुसला असता, आणि पुसला हे आम्हांला कळलेही नसते.

शब्द इथे मुद्दाम देत नाही. अर्थाला दुसऱ्या कोणाचा दुजोरा मिळाल्याखेरीज नोंद बाहेर द्यायची नाही, ही बाबांची शिस्त होती, आणि यंत्राच्या साक्षीला ते दुजोरा म्हणाले नसते. पुढच्या सुट्टीत गिरणाकाठच्या गावांतून विचारत फिरायचे ठरवले आहे. तोवर संग्रहाची एक प्रत कागदावर छापून ठेवली आहे. त्या नोंदीत ‘काळ’ आहे, आणि खाली बारीक अक्षरात तळटीप: ‘गाळ’, तीन प्रतींत, लेखनिकदोष.