पहिला रॅक, मोजके पैसे

मॉड्युलर सिंथेसायझर तयार वाद्य म्हणून मिळत नाही. ध्वनी उत्पन्न करणारा एक भाग, तो गाळणारा दुसरा, लहानमोठा करणारा तिसरा, आणि या तिघांना वेळच्या वेळी हलवणारे आणखी काही. हे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल, एका केसमध्ये बसवायचे आणि पॅच कॉर्डने जोडायचे. कुठली तार कुठे जाणार हे बनवणाऱ्याने ठरवलेले नसते. म्हणूनच खरेदीची यादी हा या वाद्याच्या रचनेचाच भाग ठरतो: जे घेतले नाही ते वाजणार नाही, आणि जे घेतले पण ज्याला हलवायला काही नाही तेही धड वाजणार नाही.

१९६०च्या दशकात रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला यांनी अमेरिकेच्या दोन टोकांना ही यंत्रे घडवली, तेव्हा ती प्रामुख्याने विद्यापीठांना आणि स्टुडिओंनाच परवडत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली संगीतकार डेव्हिड ट्यूडरच्या पुढाकाराने मूग सिंथेसायझर आला, आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी त्यावर काम केले, तेही संस्थेच्या स्टुडिओत. खर्चाचा प्रश्न मनावर घेतला तो संगीतकार सर्ज चेरेपनिनने. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात शिकवत असताना त्याने विद्यार्थ्यांना हाताने जुळवता येतील असे स्वस्त मॉड्यूल आखले. एकच मॉड्यूल तारा बदलून चार कामांना लावायचे, ही त्याची युक्ती आजही कमी पैशांतल्या रॅकचा पाया आहे.

आज बाजारात प्रामुख्याने चालतो तो युरोरॅक. जर्मनीच्या डिटर डोएप्फरने १९९०च्या दशकाच्या मध्यात ए-१०० ही मालिका आणली, आणि तिची मापे पुढे शेकडो उत्पादकांनी उचलली. पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी एचपी या एककात, एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. वीज उणे आणि अधिक १२ व्होल्ट, काही मॉड्यूलना ५ व्होल्टही लागतात. जोडणीसाठी ३.५ मिलिमीटरचे जॅक. मापे एक असल्याने वेगवेगळ्या देशांतले मॉड्यूल शेजारी शेजारी बसतात आणि, हे महत्त्वाचे, नको झालेले मॉड्यूल दुसऱ्याच्या रॅकमध्ये जाऊ शकते.

खरेदीची सुरुवात केस आणि वीजपुरवठ्यापासून करावी. नवशिक्याला हा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो, कारण त्यातून आवाज येत नाही. पण दागिन्यांत सगळे पैसे घालवून मांडवाला काही न उरलेल्या लग्नासारखी अवस्था होते ती इथेच. ८४ एचपीची एक ओळ, म्हणजे साधारण ४२.७ सेंटिमीटर, पहिल्या रॅकला पुरते. लाकूडकाम येत असेल तर बाजूच्या फळ्या घरी करता येतात. विकत घ्यावे लागतात ते धातूचे रेल आणि वीजपुरवठा. वीजपुरवठ्यात मात्र काटकसर नको. प्रत्येक मॉड्यूल किती मिलिअँपिअर घेते हे उत्पादक देतो; प्रत्येक व्होल्टेजची बेरीज वेगळी करावी आणि चौथा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. मॉड्यूलला वीज पोहोचवणाऱ्या रिबन केबलची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूला असते. ती उलटी लागली तर संरक्षण नसलेले मॉड्यूल क्षणात जळते, म्हणून वीज बंद करून, एका वेळी एकच मॉड्यूल जोडावे.

त्यानंतर आवाजाचा उगम. इथे मोह सर्वांत मोठा आणि निर्णय सर्वांत सोपा: एकच ऑसिलेटर घ्यावा. शुद्ध ॲनालॉग ऑसिलेटरचा गोडवा खरा, पण त्याच्यामागे फिल्टर, स्वराचा चढउतार आखणारा एन्व्हलप आणि आवाज लहानमोठा करणारा व्हीसीए हा सगळा लवाजमा लागतो. बेताच्या खिशाला डिजिटल ऑसिलेटर अधिक सोयीचा. पॅरिसच्या एमिली जिले यांच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सचे प्लेट्स हे उत्तम उदाहरण: १२ एचपीत ध्वनिनिर्मितीच्या अनेक पद्धती, शिवाय आत छोटा लो-पास गेट, त्यामुळे ट्रिगरचा इशारा मिळताच स्वर उमटून विरतो. ती कंपनी आता बंद झाली, पण आराखडे खुले असल्याने इतरांनी केलेल्या आवृत्त्या मिळतात. ऑसिलेटर डिजिटल घेतला तर फिल्टर ॲनालॉग घ्यावा. स्वभावाचा फरक कानाला लगेच कळतो.

खरा पैसा मुरतो तो याच्या पुढच्या, दुकानाच्या काचेत न चमकणाऱ्या वस्तूंत. व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजने सिग्नल कमीजास्त करणारे मॉड्यूल, कितीही असले तरी कमीच, असे हे वाद्य वाजवणारे गमतीने म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. एक व्हीसीए आवाजाला लागतो. दुसरा हवा तो हालचालीला: एलएफओने, म्हणजे संथ गतीच्या ऑसिलेटरने, स्वर थरथरतो, पण ही थरथर स्वर लांबत जाईल तशी वाढावी, असे वाटले की एलएफओ आधी व्हीसीएतून न्यावा लागतो. चार व्हीसीए एकाच मॉड्यूलमध्ये असून त्यांची बेरीजही बाहेर मिळत असेल तर मिक्सरचे काम तिथेच भागते. याच पंक्तीत ॲटेन्युएटर येतो, साधा सिग्नल दाबणारा नॉब, आणि त्याचा उलटेही करणारा भाऊ ॲटेन्युव्हर्टर.

हिंदुस्थानी संगीताच्या कानाला ॲटेन्युएटरची किंमत आकड्यांतच कळते. युरोरॅकमध्ये एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक, तेव्हा कीबोर्डचा एक अर्धस्वर ८३.३ मिलिव्होल्टचा. षड्जापासून कीबोर्डवरचा शुद्ध गांधार ०.३३३ व्होल्टवर बसतो, तर तानपुऱ्यात ऐकू येणारा ५:४ या प्रमाणाचा गांधार ०.३२२ व्होल्टवर. फरक अवघा ११ मिलिव्होल्टचा, पण तेवढ्याने गांधार चढा लागतो. यंत्राला बारा स्वरांचे बंधन नाही. व्होल्टेज कुठेही थांबू शकते. अडचण हाताची आहे. सिक्वेन्सरच्या, म्हणजे स्वरांची व्होल्टेज एकामागून एक देणाऱ्या मॉड्यूलच्या, एका नॉबला ३०० अंशांत ५ व्होल्ट फिरवायचे असतील, तर ११ मिलिव्होल्ट म्हणजे एक अंशही नाही. तोच सिग्नल ॲटेन्युएटरने एका व्होल्टपुरता दाबला की फरक तीन अंशांहून जास्त होतो आणि बोटांना सापडतो. ज्यांना रागाच्या अंगाने वाजवायचे आहे त्यांनी म्हणून क्वान्टायझरवर, म्हणजे व्होल्टेज बारा स्वरांत बसवणाऱ्या मॉड्यूलवर, आधी पैसे घालू नयेत; मोकळ्या नॉबचा साधा आठ टप्प्यांचा सिक्वेन्सर पाहावा.

हालचाल देणाऱ्या मॉड्यूलमध्ये चेरेपनिनची युक्ती पुन्हा कामी येते. मेक नॉइज या अमेरिकी कंपनीचे मॅथ्स २० एचपीचे आहे आणि स्वस्त नाही. पण त्याचा एकेक भाग चढ आणि उतार यांचा वेग ठरवतो, एवढ्यावरच तो एन्व्हलप होतो, स्वतःभोवती फिरवला की एलएफओ होतो, आणि स्वराचे व्होल्टेज त्यातून नेले की एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणारी वाट मिळते. हिला मींड म्हणणे उदारपणाचे ठरेल, कारण सरकण्याचा आकार एकच राहतो; तरी बारा पायऱ्यांवर उड्या मारण्यापेक्षा ती कितीतरी बरी. तीन वेगळी मॉड्यूल घेण्यापेक्षा असे एक महागडे अनेकदा स्वस्त पडते. नॉइज आणि त्यातले व्होल्टेज टिपून धरणारे सॅम्पल अँड होल्ड एकत्र देणारे छोटे मॉड्यूल जमले तर घ्यावे. यादृच्छिकता या वाद्याला शोभते.

बाहेर पडताना सिग्नल मोठा असतो, वरखाली मिळून दहा व्होल्टच्या आसपास, आणि ध्वनियंत्रणांना तो झेपेलच असे नाही. आउटपुट मॉड्यूल त्यासाठी असते. पण पहिल्या वर्षी एखाद्या व्हीसीएवर पातळी खाली आणून ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटला देणे चालते. डिले आणि रिव्हर्ब तर संगणकातच करावेत. सिग्नल वाटणारे मल्टिपलही लांबवता येते, कारण एकावर एक खोचता येणाऱ्या पॅच कॉर्डने बहुतेक काम होते. फक्त स्वराचे व्होल्टेज दोनतीन ऑसिलेटरना द्यायची वेळ आली की बफर असलेले मल्टिपल लागते, नाहीतर ते भाराखाली किंचित घसरते आणि स्वर उतरतात.

पैसे मोजण्याआधी हे सगळे व्हीसीव्ही रॅक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जुळवून पाहता येते. प्लेट्सची संगणकीय आवृत्तीही त्यात विनामूल्य आहे. यादीतली मॉड्यूल तिथे मांडून महिनाभर तेवढ्यावरच वाजवावे, आणि दर वेळी कशाची उणीव भासते ते लिहून ठेवावे. बहुधा ती दुसऱ्या ऑसिलेटरची निघत नाही. भारतात परदेशातून मागवताना वाहतूक, सीमाशुल्क आणि कर यांचा बोजा दर पार्सलवर पडतो, म्हणून सुटे सुटे मागवण्यापेक्षा दोनतीन मॉड्यूल एकत्र मागवलेली बरी. वापरलेले मॉड्यूल घेताना चालू अवस्थेतला व्हिडिओ मागावा, जॅक सैल नाहीत ना ते विचारावे आणि मॉड्यूलची स्वतःची रिबन केबल सोबत आहे याची खात्री करावी, कारण काही उत्पादकांच्या पिनांची मांडणी वेगळी असते आणि दुसऱ्याची केबल तिथे चालत नाही.