गाडी गेली, नाव राहिलं

मुठा, ता. मुळशी

चि. अमोल,

काल फोनवर तू विचारलंस, "आत्या, गाडी डीलरकडून घेऊ की थेट मालकाकडून?" आणि त्याच दमात सांगून टाकलंस, की दादाने तुझ्या नावावर घेतलेली वॅगनआर जुन्या गाड्या घेणाऱ्या एकाला दिली, मालकी बदलाच्या (टीटीओच्या) फॉर्मवर कोऱ्याच सह्या केल्या, सगळेच करतात. त्यानंतरचं तुझं बोलणं माझ्या कानात शिरलंच नाही. रात्री झोपही लागली नाही. पत्र मुद्दाम लिहिते आहे. फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विसरतोस, हे मला सिंधूच्या लग्नापासून माहीत आहे.

अरे, त्यातला फॉर्म २९ म्हणजे काय? 'माझी गाडी मी अमक्याला विकली' असं मालकाने आरटीओला कळवायचं. त्यात अमक्याचं नावच नसेल तर तू विकलीस कोणाला? राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं. तुझा तो गृहस्थ कोरे फॉर्म कपाटात ठेवणार आणि गिऱ्हाईक मिळालं की नाव भरणार. मधल्या काळात गाडी दुसऱ्या एजंटाकडे गेली, त्याच्याकडून तिसऱ्याकडे गेली, तरी पुस्तकावर नाव तुझंच. चलान तुझ्या मोबाईलवर येतील. ती भरता तरी येतात. कुणाला धडक दिली तर?

माझी सगळी नोकरी मोटारीच्या दाव्यांच्या टेबलावर गेली, हे तू जाणतोस. शिवाजीनगर कोर्टाच्या व्हरांड्यात मी अशी माणसं पाहिली आहेत, जी अपघाताच्या जागी कधी गेलीसुद्धा नव्हती. "साहेब, मी गाडी केव्हाच विकली" हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगायची. ६ फेब्रुवारी २०१८ला सुप्रीम कोर्टाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. पहिल्या मालकाने गाडी २००७ साली विकली होती, अपघात झाला २००९ साली, मध्ये गाडी अनेक हातांतून फिरली होती. नोंद मात्र बदललेली नव्हती. कोर्ट म्हणालं, कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. विमा चालू असेल तर कंपनी भरते. विमा संपला असेल आणि नव्या माणसाने भरलाच नसेल, तर ती रक्कम तुझ्या दारात येते. तुझा पगार, तुझा कर्वेनगरचा फ्लॅट, त्याचे अजून न फिटलेले हप्ते, सगळं डोळ्यांसमोर आलं माझ्या.

आपल्या खोऱ्यात तर हे कुणाला नव्याने सांगायला नको. लवासाच्या काळात जमिनींना भाव आला तेव्हा एजंट दारोदार फिरत होते. कुलमुखत्यारपत्र, विसारपावती, 'इथे सही करा, बाकीचं आम्ही पाहतो'. ज्यांनी मागचा-पुढचा विचार न करता अंगठे उठवले, त्यांची नातवंडं अजून तलाठ्याकडे आणि पौडच्या कचेरीत खेपा घालतात. भाऊजींनी मात्र दुसऱ्याचं नाव भरल्याशिवाय कागदावर कधी सही केली नाही. लोक त्यांना हेकट म्हणाले. सातबारा असो की गाडीचं आरसी बुक, आपलं नाव म्हणजे आपण स्वतः तिथे उभे असतो रे. स्वतःला असं कुणाच्या कपाटात ठेवून यायचं?

आता तुझा प्रश्न. डीलरबद्दल माझ्या मनात आकस नाही. कर्ज मिळतं, वर्षभराची वॉरंटी काही जण देतात, नाव बदलायची धावपळ तेच करतात. तुझ्यासारख्या सुट्टी न मिळणाऱ्या माणसाला ते सोयीचं. त्याचे पैसेही लागतात. डिसेंबर २०२४मध्ये जैसलमेरला जीएसटी कौन्सिल बसली, तिच्या निर्णयानुसार जुन्या गाडीवर डीलरला जो नफा सुटतो त्यावर १८ टक्के कर आहे. दोन लाखांना घेऊन दोन साठला विकली, तर साठ हजारांवर दहा हजार आठशे. ते अखेर तुझ्याच खिशातून जाणार. मालकाकडून थेट घेतलीस तर हा करच नाही.

पण पैशांपेक्षा मला दुसरं महत्त्वाचं वाटतं. मालकाच्या घरी तू बसू शकतोस. सकाळी लवकर जा, बॉनेटला हात लाव. गाडी थंड असतानाच चालू करून दाखवायला सांग. आरसीवरचा पत्ता आणि ते घर एकच आहे ना पाहा. चेसिस नंबर पेन्सिलने कागदावर उतरवून पुस्तकाशी ताडून घे. बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस. विमा तुझ्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज कर. जुन्या मालकाची नो क्लेम बोनसची सवलत त्याच्याबरोबर जाते, ती तुला मिळणार नाही. आणि गाडी का विकतोय ते विचार, उत्तर देताना त्याच्याकडे बघ.

सर्वांत भीती मला वाटते ती तिसऱ्या माणसाची. 'घरचीच गाडी आहे, मेव्हण्याची' म्हणत जाहिरात देतो, आणि मेव्हणा कधी समोर येत नाही. तो मालक नसतो, डीलरही नसतो. त्याच्या जवळपाससुद्धा फिरकू नकोस.

गाडी तपासताना जुलै २०२४चा पूर आठव. टेमघरपासून आपल्या दारावरून वाहणारं हेच पाणी खडकवासल्याला साठलं, तिथून सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. पाण्यात बुडालेली गाडी धुऊनपुसून पुन्हा बाजारात येते, हे मी दाव्यांच्या फायलींत पाहिलं आहे. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. मागच्या सीटखालचा गालिचा उचल. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का पाहा. अत्तराचा भपकारा येत असेल तर काचा लावून दहा मिनिटं आत बस. मग गाडी मुठ्याच्या घाटात आण, चौघांना बसवून. क्लच कसा आहे ते चढावर आपोआप कळतं.

डीलरकडेच जायचं ठरलं, तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का ते आधी विचार. डिसेंबर २०२२च्या अधिसूचनेने मोटार वाहन नियमांत ५५-ए पासूनचे नवे नियम आले, १ एप्रिल २०२३पासून ते लागू आहेत. जुन्या गाड्यांच्या डीलरला फॉर्म २९-बीचं प्रमाणपत्र लागतं, ते पाच वर्षं चालतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सीने पोर्टलवर तशी नोंद करायची. तेव्हापासून कायद्याने तोच मालक मानला जातो, जबाबदारीही त्याची. चाचणी, दुरुस्ती, रंगकाम अशा कामांपलीकडे ती गाडी त्याने रस्त्यावर फिरवायची नाही. वॅगनआर देताना दादा असता तर त्याने पहिल्यांदा त्या अधिकारपत्राचंच विचारलं असतं. तुला विचारावंसं का वाटलं नाही रे? ती गाडी तुझ्या नावावर घेताना त्याने कागद तीनदा वाचले होते, तू शेजारी बसला होतास.

म्हणून उद्याच जा. नवी गाडी राहू दे. त्या माणसाला म्हण, २९-सीची नोंद करा आणि पोच माझ्या हातात द्या. अधिकारपत्र नसेल तर ज्याला विकली त्याचं नाव माझ्यासमोर फॉर्ममध्ये भरा, त्याच्या आधारची प्रत द्या, गाडी कोणत्या तारखेला किती वाजता दिली ते लिहून त्याची सही आणा. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून विमा कधी संपतो तेही बघ, आजच बघ. तो टाळाटाळ करू लागला तर पैसे परत कर आणि गाडी घेऊन ये, अंगणात जागा आहे.

इथे लावणी चालू आहे, बायका मिळत नाहीत, त्यामुळे शनिवारपर्यंत मला हलता येणार नाही. शनिवारी दुपारच्या गाडीने मी येते. पोच मिळाली असो नसो, त्याच्या दुकानात आपण दोघं जाऊ. वहिनीला यातलं काही बोलू नकोस, तिचं ब्लडप्रेशर आधीच वर आहे.

तुझी,
आत्या