आधी तेल, मग रंग

प्रायमर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो भिंतीच्या संदर्भात. फोंड्याचं घर रंगवायला काढलं होतं. रंगारी म्हणाला, "बाय, आदीं प्रायमर मारूंक जाय, ना जाल्यार रंग रावचो ना." चिऱ्याची भिंत रंग पिऊन टाकते, म्हणून आधी तिची तहान भागवायची, असं त्याचं साधं शास्त्र होतं. मागच्या खोलीच्या भिंतीला मात्र त्याने हात लावला नाही. तिथं ओल होती. ओलीवर प्रायमर मारला की प्रायमरसकट पोपडे निघतात म्हणे.

पुढे कैक वर्षांनी तोच शब्द चेहऱ्यासाठीही वापरतात हे कळलं तेव्हा आधी हसू आलं. मग वाटलं, यात नवीन ते काय? आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाच्या रंगपटात हेच तर चालायचं! रंगभूषा करणारे काका प्रत्येक नटाला समोर बसवून आधी खोबरेल तेलाचा हात फिरवायचे. तेलावर सफेदा, पिवडी, थोडा हिंगूळ. तेलामुळे रंग सारखा पसरायचा, भेगांत अडकायचा नाही आणि पहाटे नाटक संपल्यावर सुटायचाही चटकन. "आधी तेल, मग रंग" हा त्यांचा मंत्र. कुणी घाईत कोरड्या गालावर रंग ओढला की पाठीत धपाटा बसायचा. त्याच पेटीत एके काळी मुर्दाडशिंगही असे. ते शिशाचं संयुग. रंगाला छान पकड येते, पण कातडीची वाट लागते. जुन्या नटांचे चेहरे दिवसाउजेडी पाहिलेत कधी? असो.

सिनेमावाल्यांचाही हा जुना झगडा. मॅक्स फॅक्टरने रंगीत चित्रपटांसाठी पॅन-केक तयार केला, तो १९३७ साली पडद्यावर आलेल्या 'वोग्ज ऑफ १९३८' या चित्रपटात वापरला गेला. त्याच्याच पणतूंनी पुढे स्मॅशबॉक्स ही कंपनी काढली, आणि हल्लीच्या प्रायमरचं नाव घराघरांत नेणाऱ्यांत ती पुढे होती. म्हणजे पणजोबांनी रंग दिला, पणतूंनी रंगाखालचं अस्तर!

तर सांगायचा मुद्दा असा की मला या विषयातलं थोडंफार कळतं, अशी माझी समजूत होती. ती उतरली सौंसरला.

मे २०२३ मध्ये माझ्या पुतण्याचं लग्न सौंसरच्या मुलीशी झालं. नागपूरहून सावनेरमार्गे मध्य प्रदेशात शिरलं की पहिलं मोठं गाव हेच. आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं, पण सौंसर आणि शेजारचा पांढुर्णा हा सगळा मराठी बोलणारा मुलूख. १९५६ साली राज्यांची फेरआखणी झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. दुकानांच्या पाट्या हिंदी, घरातलं भांडण मराठी! (आम्हां गोंयकारांना यात नवल वाटायचं कारण नाही.) लग्न झालं तेव्हा तो छिंदवाडा जिल्हाच होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं. पांढुर्णा म्हटलं की लोकांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरची गोटमारच आठवते. मला मात्र आठवतो तिथला ऊन्हाळा आणि एका मुलीचे लाल झालेले गाल.

साखरपुडा जानेवारीत नागपूरला झाला होता. मी हौसेने पणजीहून मेकपचा संच नेला. त्यात एक भारी प्रायमर, तेल शोषून घेणारा, चेहरा 'उजळ' करणारा. मुलगी सावळी, तरतरीत. तिची कातडी कशी आहे, काही त्रास आहे का, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. 'उजळ' हा शब्द वाचून मी तो उचलला होता, हे आज लिहिताना लाज वाटते.

लग्नाच्या तीन दिवस आधी आम्ही सौंसरला पोचलो. पारा चाळिशीच्या वर. मी नवरीच्या खोलीत गेले, म्हटलं, चल, तो प्रायमर लावून बघू, त्या दिवशी धावपळ नको. ती मागे सरकली. "काकू, मी लावला होता. खूप आग झाली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कॉलेजात असताना कुणीतरी मेडिकलच्या दुकानातलं एक मलम सुचवलं होतं. महिन्याभरात चेहरा असा उजळला की सगळ्यांनी विचारावं, काय लावतेस? दोन वर्षं ते चाललं. मग लावलं नाही की गाल पेटायचे, लावलं की शांत. ऊन सोसेना, पुळ्या येऊ लागल्या, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या. नागपूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब पाहताच सांगितलं, यात स्टेरॉइड आहे. हा प्रकार आपल्या देशात इतका आहे की डॉक्टरांनी त्याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं नावच दिलंय. मलम काही रोगांवर खरंच औषध आहे, पण थोडे दिवस आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. गोरं होण्यासाठी रोज लावलं की कातडीच पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी काउंटरवर काय मिळतं ते तुम्हाआम्हाला ठाऊकच आहे.

तिची आई दारात उभी होती. "काहून रडते वं? आता बरं हाये ना?" बरं होतं खरं. फेब्रुवारीपासून उपचार चालू होते. पण ऊन लागलं, चूल पेटली, की गाल लाल.

संध्याकाळी पार्लरवाली ताई आली. तिशीतली, नागपूरला शिकून आलेली, घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवणारी. मी माझं गोव्याचं शहाणपण पाजळलं. घाम येणार, तेव्हा मॅट प्रायमरच हवा, टिकायला हवा. ती शांतपणे म्हणाली, "काकू, तुमच्याकडं घाम वाहते. आमच्याकडं तो दिसतच नाही, उडून जाते. कातडी ओढल्यावानी होते. मॅट लावला तं दुपारपर्यंत गालाले भेगा पडतीन."

किती साधी गोष्ट! समुद्राकाठच्या दमट हवेत कपाळ, नाक, हनुवटी ओली होते, तिथं तेल शोषणारा प्रायमर कामाचा. तोसुद्धा तेवढ्याच जागी, सगळ्या चेहऱ्यावर नव्हे. कोरड्या उन्हात उलट ओलावा धरून ठेवणारा लागतो, ग्लिसरीन किंवा हायलुरोनिक अ‍ॅसिड असलेला. आणि नुसता तोही पुरत नाही, वरून ओलावा कोंडणारं क्रीम हवं, नाहीतर तो ओलावाही हवेतच जायचा. जागा बदलली की गरज बदलते, मग मी पणजीच्या दुकानात उभी राहून सौंसरच्या चेहऱ्याचं काय ठरवणार होते?

तिने आपली पेटी उघडली आणि मला शिकवणीच दिली म्हणा ना. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचायची. नावं 'कोन' किंवा 'सिलोक्झेन'ने संपत असतील, डायमेथिकोनसारखी, आणि यादीत वर असतील तर प्रायमर सिलिकॉनचा. तो बोटाला मखमलीसारखा लागतो, खड्डे आणि रंध्रं भरून काढतो. पहिलं नाव पाण्याचं असेल आणि सिलिकॉन जवळपास नसेल तर पाण्याचा. वरचं फाउंडेशन त्याच जातीचं घ्यायचं. सिलिकॉनवर पाण्याचं चोळलं तर पुष्कळदा गोळ्या सुटतात, अंघोळीत मळ निघतो तशा! माझ्याही हातून असं झालंय आणि मी दोष फाउंडेशनला दिलाय.

लावायचा किती? हरभऱ्याएवढा, फार तर वाटाण्याएवढा. नाकाच्या कडेपासून बाहेर, चोळायचा नाही, बोटांनी दाबत न्यायचा. रंध्रं मोठी असतात ती नाकाजवळ, म्हणून सुरुवात तिथून. पापण्यांना वेगळा, नाहीतर काजळ तासाभरात खाली. आणि प्रत्येक थरानंतर चार-पाच मिनिटं थांबायचं. हे थांबणंच लग्नघरात जमत नाही, असं ती म्हणाली. कुणीतरी दार वाजवतंच.

मी विचारलं, उन्हासाठीचा वेगळा थर कशाला, प्रायमरमध्येच एसपीएफ येतो की! तिचं उत्तर पटलं. एसपीएफ मोजतात तेव्हा चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर धरतात. हरभऱ्याएवढ्या प्रायमरने तेवढा थर होतच नाही. म्हणून सनस्क्रीन आधी, भरपूर, आणि प्रायमर त्यावर.

रंगांचे प्रायमर मला फसवेगिरी वाटायचे. तसं नाही. लालीला हिरवा मारतो, डोळ्यांखालच्या निळसर काळेपणाला नारिंगी, पिवळेपणाला फिकट जांभळा. हळदीनंतर नवरीचा चेहरा दोन दिवस पिवळट राहतो, त्यावर ती जांभळ्याचा हात फिरवते. पण सावळ्या कातडीवर हिरवा जरा जास्त झाला की चेहरा राखेसारखा दिसतो. म्हणून फक्त गालांवर, करंगळीच्या टोकावर मावेल एवढाच.

हे सगळं ऐकल्यावर माझा मुख्य प्रश्न उरलाच. या मुलीला काय लावायचं? ताई हसली. आठवडाभर आधीच तिने साधा पारदर्शक सिलिकॉनचा जेल, बिनवासाचा, तिच्या कानामागे आणि जबड्याच्या कडेला लावून पाहिला होता. तीन दिवस रोज. आग नाही, पुरळ नाही. मग मुलगी स्वतः तो डॉक्टरांना दाखवून आली होती. खाली डॉक्टरांनी दिलेलं क्रीम आणि झिंकचं सनस्क्रीन, वर तो जेल, गालांवर हिरव्याचा ठिपका. नवीन काहीही नाही. माझी पणजीची बाटली पिशवीत परत गेली.

हळदीच्या दिवशी पहिली कुरबुर झाली. मुलीने सांगितलं, हळद हातापायांनाच लावा, चेहऱ्याला नको. तिकडच्या मावश्या नाराज, आमच्या वहिनी त्याहून नाराज. "हळद लागल्याबगर लग्न कसं?" मी म्हटलं, कपाळाला बोट टेकवा, झालं. वहिनी दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसरी कुरबुर लग्नाच्या सकाळी. पाहुण्यांच्या गाड्या जामसावळीच्या मारुतीचं दर्शन घेऊन आल्या. तिथला मारुती आडवा पहुडलेला आहे, अंगभर शेंदूर. आमच्या एक आत्या थेट नवरीच्या खोलीत शिरल्या. आरशात बघून पार्लरवालीला म्हणाल्या, "मातशी गोरी कर गो तिका. फोटो येवपाचे आसात." ताईला कोकणी कळली नसेल, पण 'गोरी' कळलं. तिचा ब्रश थांबला. तिने नवरीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. वरपक्षाची मोठी बाई मी!

जानेवारीत मीही तेच केलं होतं, फक्त बाटलीत घालून. म्हणून आत्यांना काय सांगावं ते चटकन सुचेना. नवरीच बोलली. मान किंचित वर करून तिने ताईला आपला गळा दाखवला. "ताई, याच्याशी जुळव." आत्या म्हणाल्या, "म्हाका कितें, तुमचें तुमी पळयात," आणि गेल्या.

ताईने गळ्याला जुळणारी छटा काढली, थोडीच लावली, मग मोबाइलचा फ्लॅश मारून एक फोटो काढला. चेहरा गळ्याहून पांढुरका! झिंकचं सनस्क्रीन फ्लॅशचा उजेड परत फेकतं. आत्यांना हवा होता तो गोरेपणा फुकटात आला होता. आम्ही तिघी पोट धरून हसलो. ताईने छटा अर्ध्या पायरीने गडद केली, फोटोवाल्याला फ्लॅश छताकडे मारायला सांगितलं.

मंडपात कूलर लावले होते. अक्षता पडेपर्यंत दुपारचे दोन वाजले. गाल थोडे लाल झाले, ते झालेच. पण भेगा नाहीत, गोळ्या नाहीत. आत्या पंगतीत बसून मेथीच्या वड्यांची कृती विचारत होत्या.

रात्री ती खोलीत आली, दागिने उतरवले, आरशासमोर बसली. जुन्या सवयीने मी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. रंगपटात आम्ही तेलानेच चेहरे पुसायचो. ती म्हणाली, "काकू, चेहऱ्याला तेल नको. डॉक्टरांनी पुसायला वेगळं दिलंय." मी बाटली परत ठेवू लागले तर तिने हात पुढे केला.

"केसांना लावून देता? दिवसभर पिना टोचून राहिल्या."

मी तिच्यामागे स्टूल ओढून बसले आणि एकेक पिन काढायला घेतली. सत्तावीस निघाल्या.