चला उरुळीला... झाडं बघायला!

आठवडाभराच्या मीटिंग्जनी डोकं भणभणलंय आणि मॉलमध्ये जायचाही कंटाळा आलाय? मग शनिवारी सकाळी गाडी सरळ सोलापूर रोडला वळवा. हडपसरचं ट्रॅफिक पार करा. लोणी काळभोर मागे पडलं की पुढे येतं पुण्यापासून तीसेक किलोमीटरवरचं उरुळी कांचन. गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमामुळे या गावाचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आम्हा बाल्कनीवाल्यांना मात्र ते प्रिय आहे नर्सऱ्यांमुळे!

नर्सरीत शिरलं की डोळे थेट फुलांवर जातात. तिथेच जरा ब्रेक लावा. पूर्ण फुललेल्या रोपाचा बहार प्रवासात आणि नव्या जागेत बहुतेक गळून जातो. त्यापेक्षा कळ्या आणि नवी पालवी असलेलं रोप निवडा. एकदा मी उंचच उंच जास्वंद उचलली, तर नर्सरीतले मामा म्हणाले, ''ताई, ते नुसतंच वाढलंय. हे बुटकं घ्या, फुटवे बघा किती!'' सांगणं सोळा आणे खरं होतं. उजेडासाठी ताणलेल्या लांबट रोपापेक्षा भरगच्च बुटकं रोप कधीही दमदार.

मी एवढी चिकित्सा का करते? माझ्या बाल्कनीत एक मोगरा आहे. आजीच्या अंगणातल्या झाडाची फांदी लावून वाढवलेला. आता आजी नाही आणि ते अंगणही नाही. नव्या रोपाबरोबर कीड घरात आली तर ती या मोगऱ्यावर जायला कितीसा वेळ लागणार? म्हणून माझा पहिला नियम : पान उलटून बघायचं!

पानामागे आणि फांदीच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यांवर बारीक किड्यांची गर्दी असेल तर मावा. पानांवर फिकट ठिपके आणि बारीक जाळी असेल तर लाल कोळी. अशी रोपं फुकट मिळाली तरी नकोत. खालचं एखादं पान पिवळं असेल तर चालतं, पण शेंडाच पिवळा पडलेला असेल तर पुढे चला.

आता खाली वाका. पिशवीच्या भोकातून दोन-चार पांढरी मुळं डोकावत असतील तर झकास. मुळांचा जाड गुंताच बाहेर आला असेल, तर रोप त्या पिशवीत फार दिवस अडकून पडलंय. खोड हलक्या हाताने हलवा. रोप डुगडुगलं तर ते अजून मातीत रुजलेलं नाही. आणि हा खास फंडा : माती कोरडी असताना रोपाने मान टाकली असेल तर ते पाण्याने उभं राहू शकतं. माती ओली असूनही मान टाकलेली असेल तर मुळं कुजल्याची शंका घ्या. मातीला कुबट वास येत असेल तर शंकाच नको!

कलमी गुलाब घेताना जोड नीट बघा. जोडाच्या खालून फुटलेल्या फांद्या खुंटाच्या असतात. त्याच जोरात असतील, तर तुम्ही गुलाबाऐवजी खुंटच पोसत बसाल.

येताना रोपांना गाडीच्या खिडकीतला वारा लागू देऊ नका. घरी आल्याआल्या कुंडी बदलायची घाईही नको. शेडनेटखाली वाढलेल्या रोपाला एकदम कडक ऊन दाखवू नका, चार-आठ दिवस हळूहळू सवय होऊ द्या. आणि नव्या पाहुण्याला पंधरा दिवस जुन्या मंडळींपासून लांब ठेवा. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्याची पानं उलटून बघा. पंधरा दिवसांत काही निघालं नाही, की मगच त्याला मोगऱ्याशेजारची जागा द्यायची!