वाटी कोण सरकवतं?

वसतिगृहाच्या खोलीत फरशीवर खडूने वर्तुळ काढलेलं, कडेने अक्षरं, एका बाजूला 'हो', दुसऱ्या बाजूला 'नाही', मधोमध उपडी वाटी. चौघींनी तिच्यावर एकेक बोट टेकवायचं. वाटी सरकली की आमचा पहिला प्रश्न आत्म्याला नसायचा, एकमेकींना असायचा: "कोण ढकलतंय गं?" आज मी चित्रपटांचं संकलन करते. प्लँचेटवरचा कोणताही भयपट पाहताना मी हाच प्रश्न धरून बसते. तो जिवंत असेपर्यंतच भीती जिवंत राहते.

अमेरिकेत याच खेळाचा अक्षरं छापलेला फळा, 'विजा', वाटीऐवजी सोंगटीसह खेळण्यांच्या दुकानात मिळतो. बाल्टिमोरच्या एलिजा बाँडच्या नावावर १८९१ मध्ये त्याचं पेटंट झालं. १९६६ मध्ये तो पार्कर ब्रदर्स या खेळांच्या कंपनीने घेतला आणि पुढच्याच वर्षी त्याचा खप मोनोपॉलीपेक्षा जास्त झाला. सोंगटी हलते कशी, याचा उलगडा त्याआधीच झाला होता. १८५३ मध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने आत्म्यांच्या नावाने टेबल फिरवणाऱ्या मंडळींच्या हातांखाली सरकू शकतील असे पुठ्ठ्याचे थर ठेवले. आधी हात सरकत होते, मागून टेबल. ढकलणारे मात्र मनापासून सांगत होते की आम्ही ढकलत नाही. मला यात भुतापेक्षा मोठं भय दिसतं: आपलंच बोट आपल्याला न विचारता चालतं.

२०१४ चा 'विजा' हा स्टाइल्स व्हाइटचा चित्रपट. निर्मात्यांत फळा विकणारी हॅस्ब्रो कंपनीही होती. मैत्रीण गेल्यावर तिच्याशी बोलायला पोरं फळा मांडून बसतात, ही कल्पना खरोखर हळवी आहे. पण चित्रपटाला धीर नाही. सोंगटीच्या भिंगातून बघितलं की भूत दिसतं. एकदा ते दिसलं की कोण ढकलतंय हे विचारायचं कारणच उरत नाही. मग उरतात फक्त कर्कश आवाजाचे दचके. सुमारे ५० लाख डॉलर खर्चून त्याने १० कोटींच्या वर कमावले. तरी संकलक म्हणून मला तो वाया गेलेला वाटतो.

दोन वर्षांनी माइक फ्लॅनगनने त्याची पूर्वकथा केली, 'विजा: ओरिजिन ऑफ ईव्हिल'. संकलनही त्याचंच. काळ १९६७, म्हणजे फळ्याच्या त्या खपाचंच वर्ष. लॉस एंजेलिसमधली विधवा अ‍ॅलिस दोन मुलींना हाताशी धरून आत्मे बोलावण्याच्या खोट्या बैठका चालवते. फळा आणल्यावर त्यालाही ती चुंबक लावते. म्हणजे कोण ढकलतंय, ते आपल्याला आधीच ठाऊक आहे. त्यामुळेच धाकटी डोरिस फळ्याशी बोलू लागते तेव्हा आपण आधी चुंबक शोधतो, आणि ते सापडत नाही. मोठ्या बहिणीच्या मित्राला गळा आवळल्यावर काय वाटतं हे डोरिस गोड आवाजात समजावून सांगते, तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेन. रक्त नाही, किंकाळी नाही, नऊ वर्षांच्या पोरीचा हसरा चेहरा तेवढा. माझ्या टेबलावर तो आला असता तर त्या मुलाची घाबरलेली मुद्रा मध्ये घालायचा मोह मला नक्की झाला असता. फ्लॅनगन चेहऱ्यावर थांबतो.

आणखी एक गोष्ट माझ्या व्यवसायातल्या माणसाला सुखावते. जुन्या प्रिंटवर रीळ संपत आलं की उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकायचा. तो बघून ऑपरेटर दुसरं यंत्र सुरू करायचा. फ्लॅनगनने ते ठिपके मुद्दाम या चित्रपटात घातलेत. रिळाची गरजच उरली नव्हती, पण ज्या काळाची गोष्ट त्या काळाची खूण त्याने राखली.

दोन्ही पाहणार असाल तर २०१६ चा आधी पाहा. आणि मराठीत प्लँचेटवर सिनेमा करू पाहणाऱ्या मुलामुलींना माझी एकच विनंती: वाटीवरच्या बोटांवरून कॅमेरा लवकर हलवू नका.